पिस्तुलाला लावलेलं कुंकू

आई,

तू लावलेल्या कुंकवामुळे माझं पिस्तूल बंद पडलं नव्हतं. एवढं एक वाक्य तुला सांगायचं होतं, आणि तू नाशिकला परत गेल्यानंतरचे सगळे रविवारचे फोन त्यासाठी माझ्याकडे होते. त्या फोनांवर मी तुला अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावाचा उकाडा सांगितला, इथल्या देशी दुकानातला गवारीचा भाव सांगितला, बॉसच्या नकला करून तुला हसवलं. हे मात्र सांगितलं नाही. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आता मी कागद घेऊन बसलोय, यावरून माझी तत्परता काय ती समज.

आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या तेव्हा तू इथेच होतीस. दोन्ही घरं आपल्या लोकांची. देशी माणसाच्या घरी सोनं असतं हे चोरांनाही कळलंय, असं इथल्या महाराष्ट्र मंडळात जो तो म्हणायला लागला, आणि ज्यांनी जन्मात उंदीर मारला नव्हता त्या पुरुषांना एकदम पिस्तुलांचं ज्ञान झालं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तोच विषय. आपल्या डॉक्टरांनी, म्हणजे तू ज्यांच्यासाठी मुद्दाम कमी तेलाचं थालीपीठ लावायचीस त्यांनी, युरोपातल्या नामांकित कंपनीचं घेतलं होतं आणि ते त्याच्याबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोलत. मी महिनाभर अभ्यास केला. व्हिडिओ पाहिले, लोकांचे वाद वाचले, आणि निम्म्याहून कमी किमतीचं, फारसं कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचं पिस्तूल घेतलं. तुझ्या सुनेने तुझ्यासमोरच विचारलं होतं, "अहो, जिवाच्या गोष्टीत कसली काटकसर?" त्यावर मी तिला व्याख्यान दिलं. महागड्याचा चाप मऊ ओढला जातो, नेम धरायचे ठिपके अंधारात चमकतात, पुढेमागे विकायला गेलं तर भाव येतो. पण गोळी दोन्हींतून तशीच सुटते, हजारो गोळ्या झाडून लोकांनी पाहिलंय. आणि शेवटी तुझंच वाक्य मी तुझ्या तोंडावर वापरलं, की पैसे वस्तूला द्यावेत, नावाला देऊ नयेत. तू भाजी निवडत होतीस. नुसती हसलीस. मला वाटलं, तुला अभिमान वाटला.

ते वाक्य तू आपल्या नाशिकच्या स्वयंपाकघरात त्या मिक्सरवरून म्हटलं होतंस. सातपूरच्या कुठल्याशा कारखान्यातला तो मिक्सर, नावाची पट्टीसुद्धा तिरकी चिकटवलेली. बाबांना मोठ्या कंपनीचा हवा होता आणि तू ऐकलं नव्हतंस. एकदा दुपारी तू झोपलेली असताना मी त्यात खडीसाखरेचे मोठाले खडे घातले आणि तो घुर्रर्र करून थांबला. जळका वास घरभर. संध्याकाळी बाबा कडाडले, "घे, स्वस्तातलं घे अजून!" मी दाराशी उभा आहे, आणि तू ओट्याकडे तोंड करून शांतपणे म्हणतेस, "मिक्सर चांगला आहे हो. मीच खोबरं जास्त भरलं." नंतर तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. त्या दिवशी मी सुटलो एवढंच मला कळलं. कसा सुटलो याचा विचार करायचं वय नव्हतं, आणि पुढे वय झालं तेव्हा सवय राहिली नव्हती.

मी पिस्तूल घेतलं त्या वर्षी खंडे नवमीला तू इथल्या देवघरासमोर पाट मांडलास. नाशिकला विळी, कात्री, शिवणयंत्र आणि बाबांची पक्कड असायची. इथे तू माझा लॅपटॉप, सुनेच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या, नातीची रॅकेट आणि गाडीच्या किल्ल्या ठेवल्यास. मग म्हणालीस, "ते पण आण."

"ते काय?" मी विचारलं, उगाच.

"तेच. कपाटातल्या पेटीतलं. आज शस्त्राचा दिवस आणि घरातलं एकुलतं एक शस्त्र कपाटात?"

मी पेटी उघडली, गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवलं, आत गोळी नाही हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि पिस्तूल पाटावर ठेवलं. तुला त्याची भीती वाटत होती. तुझं बोट पुढे गेलं, मागे आलं, मग तू हळद लावलीस, कुंकू लावलंस, वर झेंडूचं फूल ठेवलंस. हात जोडून काहीतरी पुटपुटलीस. मी विचारलं, काय मागितलंस? तू म्हणालीस, "तुझ्या हातून हे कधी सुटायची वेळ येऊ नये." नात खदखदून हसली, मीही हसलो. संध्याकाळी फडक्याने पुसून मी ते परत ठेवलं.

पुढच्या रविवारी डॉक्टर आणि मंडळातले आणखी दोघंतिघं नेमबाजीच्या रेंजवर जमले. खरं तर मीच जमवलं होतं. स्वस्त आणि महाग शेजारी शेजारी ठेवून काय तो निकाल लावू, अशी माझी ऐट. डॉक्टरांचं व्यवस्थित चाललं. माझं तिसऱ्या गोळीला अडकलं. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या ऐवजी वरच्या फटीत उभं राहिलं. मी ते काढलं, पुन्हा झाडलं, पुन्हा अडकलं. चौथ्यांदा अडकलं तेव्हा मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. माझे कान गरम झाले. महिनाभर मी ज्यांना शहाणपण शिकवलं होतं तेच लोक होते हे. डॉक्टर जवळ येऊन म्हणाले, "यार, हे लाल काय आहे? रक्त आलं का तुला?" पाहिलं तर खाचेत कुंकवाचा कण राहिला होता.

आई, पिस्तूल का अडकतंय हे मला कुणी विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो, "अहो, आईने परवा पूजा केली ना याची. कुंकू आत गेलं असणार." आणि सगळे असे हसले की काय सांगू. प्रेमाने हसले, पाठीवर थापा मारल्या. "काकूंनी बंदुकीला कुंकू लावलं! लग्नच लावून दिलं असेल!" माझं पिस्तूल वाचलं, माझा अभ्यास वाचला, माझं नाक वर राहिलं. तुझं काय झालं हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

पण मनात किडा वळवळत होता, कारण कुंकवाच्या एका कणाने यंत्र अडत नाही हे इंजिनिअरला कळतं. बुधवारी ऑफिसातून लवकर निघून मी एकटाच रेंजवर गेलो. पिस्तूल साफ केलेलं होतं. तरी अडकलं. मग मी तिथून भाड्याने डॉक्टरांकडे आहे तेच महागडं मॉडेल घेतलं. तेही माझ्या हातात अडकलं. शेजारच्या लेनमधला एक दाढीवाला माणूस बराच वेळ पाहत असावा. तो म्हणाला, "सर, यू आर लिंप-रिस्टिंग इट." म्हणजे माझं मनगट सैल पडतंय. मी माझं स्वस्तातलं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्याने मॅगझिन भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरून रिकामं केलं. एकदाही अडकलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. गोळी सुटल्यावर मागे बसणारा धक्काच पुढची गोळी चढवतो, आणि मनगट सैल असलं की तो धक्का हातातच जिरतो. वस्तू चांगली होती. तुझं कुंकूही बिचारं निरुपद्रवी होतं. मी घाबरून हात ढिला सोडत होतो, इतकंच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तूच मला शिकवलीस. मी तर अंगणाचंही नाव घेतलं नाही, थेट तुझं घेतलं.

दिवाळीच्या फराळाला सगळे आपल्याकडे आले तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. तू चकल्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून येत होतीस आणि डॉक्टर रंगात येऊन तीच गोष्ट सांगत होते, पिस्तूल हळदीकुंकवाला बसलं होतं वगैरे. सगळे हसले. तूही हसलीस, आणि मग तुझं हसू कमी कमी होत गेलं. तू विचारलंस, "म्हणजे वेळेला ते चाललंच नसतं?"

"अहो काकू, गंमत करतोय आम्ही," डॉक्टर ओशाळून म्हणाले.

तू माझ्याकडे पाहिलंस. आत्ता लिहितानाही ती नजर समोर आहे, ताट दोन्ही हातांत आणि मान थोडी वर केलेली. मी चकली उचलली आणि म्हणालो, "जाऊ दे गं आई. तुला काय माहीत असणार?" मोठ्या मनाने क्षमा केल्यासारखं म्हणालो. त्याची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभ्याउभ्या चहा घेतोय, ऑफिसला उशीर झालाय, आणि तू कुंकवाचा करंडा सिंकमध्ये घासते आहेस. कालपर्यंत भरलेला करंडा. "रात्रभर डोळा लागला नाही," तू म्हणालीस. "चोर शिरला असता आणि पोरीला काही झालं असतं तर? माझ्यामुळे." तिथे आपण दोघंच होतो. मंडळ नव्हतं, डॉक्टर नव्हते, कुणासमोर इभ्रत जायची नव्हती. मी कप ठेवला आणि म्हणालो, "आता नको लावूस म्हणजे झालं."

तू ऐकलंस. तुझ्या मुलाने सांगितलेलं तू नेहमीच ऐकायचीस. पुढच्या वर्षी आलीस तेव्हा खंडे नवमीला पाटावर नुसती फुलं होती, आणि तू रॅकेटलासुद्धा बोट लावलं नाहीस. आम्ही नवी गाडी आणली तेव्हा तू नारळ घेऊन अंगणात उभी राहिलीस आणि विचारलंस, "यात आत काही जाऊन बिघडणार नाही ना रे?" शेवटी तू कागदी रुमालावर कुंकवाचं स्वस्तिक काढलंस आणि तो रुमाल गाडीच्या काचेमागे ठेवलास. सून म्हणाली, अहो आई, बॉनेटवर काढा की. तू मान हलवलीस. मी टायर तपासत असल्यासारखा खाली वाकलो होतो. तोवर मी महागडं पिस्तूलही घेतलं होतं, कारण कुंकवाने बिघडलं हे खोटं टिकवायचं तर बिघडलेलं बदललं पाहिजे ना. तुझ्या शेवटच्या वर्षी, आवाज खोल गेलेला असताना, तू फोनवर विचारलंस, "ते तुझं नीट चालतं ना आता?" मी म्हणालो, "हो, आता चांगल्या कंपनीचं घेतलंय." तू म्हणालीस, "बरं झालं बाबा."

पहिलं पिस्तूल अजून त्याच पेटीत आहे. मनगट घट्ट धरायला मी नंतर शिकलो. दोन्ही सारखीच चालतात.

आज पुन्हा खंडे नवमी आहे. सकाळी तुझ्या नातीचा फोन आला. ती आता दुसऱ्या गावी कॉलेजात आहे, मैत्रिणींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहते. तुझी आठवण काढून तिने स्वतःहून पूजा मांडली होती. लॅपटॉप, सायकल आणि लॅबमधला पांढरा कोट. व्हिडिओवर तिने मला टेबल दाखवलं. बाजूला कुंकवाची एक डबी होती, तू शेवटची नाशिकला परत जाताना तिच्या हातात दिलेली. म्हणाली, "बाबा, क्विक क्वेश्चन. फ्लॉवर्स ओन्ली, राइट? नो कुंकू. बिकॉज ऑफ आजी अँड द गन." आणि हसली. डॉक्टर हसतात तशीच, प्रेमाने. म्हणजे तुझी ती गोष्ट आता तिच्या घरचा नियम झाली, आणि तिच्यानंतर जे कोणी असेल त्याच्याही घरचा होईल. माझ्या सैल मनगटाचं खापर तुझ्या बोटावर फुटलेलं, ते तसंच पुढे चाललंय. मी काय म्हणालो असेन, तुला सांगायला नको. म्हणालो, "हो गं, फुलं पुरेत."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तुला लिहिणं सोपं आहे, तू कुणाला सांगणार नाहीस. पण उद्या दसरा आहे, सोनं घ्या म्हणायला ती पुन्हा फोन करेल, तेव्हा तिला खरं सांगायचं असं मी ठरवलंय आणि दुपारपासून वाक्य जुळवतोय. जमलं ते असं, "अगं, ते पिस्तूल नुसतं आजीच्या कुंकवामुळे बंद पडलं नव्हतं." मोठ्याने म्हणून पाहिलं. बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्यातला 'नुसतं' हा शब्द काढायला हवा. तो काढून पुन्हा म्हणायला गेलो, आई, आणि घरात कुणी नसताना, दार लावलेलं असतानाही, मला ते म्हणता आलं नाही.