सोळा सोडून काहीही

२० ऑक्टोबर, रविवार

आजपासून रागवायचं नाही. राग आला की तो या वहीत उतरवायचा आणि वही मिटून टाकायची. सोलांजला हे सांगितलं तर म्हणाली, मग जाड वही आणायचीस. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचं हे प्रोत्साहन. असो.

कामाचं लिहितो. जुलैत घेतलेली सेडान अठरा इंची रिमवर उभी आहे. देखणी गाडी, मीच पसंत केली. पण चाकं उन्हाळ्याची. एक डिसेंबरपासून हिवाळी टायर नसले तर पोलीस बाजूला घेतात. आणि चार डिसेंबरला आनिकचं सीझर आहे, तिकडे क्यूबेक शहरात. आमची एकुलती एक लेक, आमचं पहिलं नातवंड. आमच्या आल्मा गावाहून सव्वादोनशे किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त पार्कातलं, म्हणजे अभयारण्यातलं जंगल, बर्फ आणि मध्येच रस्त्यावर येऊन उभे राहणारे घोड्याएवढे मूस हरीण. सोलांजला शब्द दिलाय. तीन तारखेला मी तिला नेणार. मी, आपल्या गाडीतून.

सहा आठवडे हातात आहेत. तेहतीस वर्षं सर्व्हेयर म्हणून जमिनी मोजल्या, मला चार चाकं ठरवायला एक संध्याकाळ पुरे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी

टायरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरीने साइज विचारला. म्हणालो, तेच तर ठरवायचंय. म्हणाली, आजोबा, ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकर असतो, तो वाचून या. आजोबा म्हणाली. त्याला अजून सहा आठवडे आहेत. तसाच परत आलो.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळी

स्टिकर वाचला नाही. तो छापणाऱ्याने आल्मात कधी फावड्याने बर्फ उपसलाय?

स्वतः हिशेब केला. रुंद टायर बर्फावर तरंगतो. अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्याला भिडतो. म्हणजे रिम लहान, रबर जाड, चाकाची एकूण उंची मात्र तीच, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलणार. आत्ता अठरा इंची रिमवर २२५/४५ आहे. सोळा इंची रिमवर २०५/६० घेतला तर उंचीत फरक सात मिलिमीटर. फक्त सात. कागद सोलांजला दाखवला. ती म्हणाली, छान, पण सूप गार होतंय. घरात विज्ञानाची कदर नाही.

निर्णय: सोळा. विषय संपला.

२७ ऑक्टोबर, रविवार

विषय संपलेला नाही.

दुपारचं जेवण युगेतकडे. युगेत म्हणजे सोलांजची बहीण. तिचा नवरा गिस्लँ, म्हणजे माझा साडू, गॅरेज चालवतो. त्या गॅरेजात मी तेरा वर्षं पाय ठेवलेला नाही. तेरा वर्षांपूर्वी त्याने सगळ्या घरादारासमोर माझ्या चाकाचा एक नट दोन बोटांनी फिरवून दाखवला होता. मी घट्ट केलेला नट. वर तो हसलाही नव्हता. हसला असता तर मी कधीच विसरलो असतो.

आज मांस-बटाटा भरलेली तुर्तियेर खाता खाता, मान वर न करता म्हणाला, त्या गाडीला सोळा टाक, ओरेल. कागद नाही, पेन्सिल नाही, तोंडात बटाटा. मी अख्खी संध्याकाळ घालवून जे काढलं ते हा घासाबरोबर बोलून मोकळा.

मी म्हणालो, मी तर पंधरा घेतोय. हे कुठून तोंडात आलं ते माहीत नाही. तो म्हणाला, पंधरा नको, पुढचे... मी म्हणालो, मीठ दे. त्याने मीठ दिलं. युगेत म्हणाली, जेवताना तरी भांडू नका रे. भांडत कोण होतं?

२८ ऑक्टोबर, सोमवार

शांत डोक्याने विचार केला. गिस्लँ सोळा म्हणाला, याचा माझ्या निर्णयाशी काडीचाही संबंध नाही. लहान रिम चांगली असेल तर आणखी लहान रिम आणखी चांगली, हे शेंबडं पोरही सांगेल. पंधरा इंचीवर २०५/६५. उंचीत फरक बारा मिलिमीटर. मंगळवारी सात पाहून मी खूश झालो होतो हे खरं, पण सात आणि बारा यांत अंतर ते किती? पाच.

निर्णय: पंधरा. कायमचा.

९ नोव्हेंबर, शनिवार

रोबर्वालच्या एका माणसाकडून पंधरा इंचीचा संच घेतला. लोखंडी रिम, वर खिळ्यांचे टायर, एकच हिवाळा वापरलेले. माणसाने गाडी कोणती ते विचारलं. सांगितलं. म्हणाला, मी असतो तर आधी एकदा लावून बघितलं असतं. या प्रांतात जो तो मेकॅनिक आहे. चाकं मागच्या सीटवर मावेनात म्हणून दोन सोलांजच्या मांडीपुढे ठेवली. घरापर्यंत तिने काच उघडी ठेवली. तिच्या कोटाला रबराचा वास आला म्हणे. मग यायचं नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

लावून बघितलं. कुणी म्हणालं म्हणून नाही, माझी पद्धत म्हणून.

गाडी हिवाळ्यासाठी अंगणात उभारलेल्या ताडपत्रीच्या तंबूत उभी होती, नाक सरपणाच्या ढिगाला टेकलेलं. म्हणून मागचं उजवं चाक काढलं आणि तिथे नवं चढवलं. चपखल बसलं. हाताने फिरवलं तर सुर्रकन फिरलं. सोलांज खिडकीतून म्हणाली, पुढचंही बघून टाक ना एकदाच. म्हणालो, चारही चाकं सख्ख्या बहिणी आहेत, एक नांदली की सगळ्या नांदतात. ती म्हणाली, मी आणि युगेतही सख्ख्या बहिणी आहोत. याचा अर्थ मला कळला नाही आणि मी विचारलाही नाही.

जुनं चाक परत चढवलं. खिळ्यांचे टायर कोरड्या रस्त्यावर झिजवायचे नाहीत. तीस तारखेला एका दुपारीत चारही लावतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिला बर्फ. सगळ्या गावाला आजच जाग आली. गिस्लँच्या गॅरेजपासून चर्चपर्यंत गाड्यांची रांग. मी दोनदा तिथून मुद्दाम सावकाश गेलो. उन्हाळी टायरवर गाडी किंचित घसरली, पण रुबाबात घसरली.

संध्याकाळी सोलांज म्हणाली, गिस्लँ विचारतोय, पुढच्या शनिवारची एक वेळ आपल्यासाठी ठेवू का. म्हणालो, ठेव म्हणावं, एखाद्या गरजूला देता येईल.

२४ नोव्हेंबर, रविवार

आनिकचा फोन. आधी आईशी अर्धा तास, मग मला दिला. म्हणाली, बाबा, गिस्लँ काका आणि मावशी येणारच आहेत, त्यांच्या व्हॅनमध्ये दोन जागा आहेत, तुम्ही दोघं त्यातूनच या की. मी म्हणालो, बापावर विश्वास नाही का तुझा? ती म्हणाली, आहे रे बाबा, पण मला आत नेतील तेव्हा तू दाराबाहेर हवास, मला दुसरं काही नको.

शब्द दिला. फोन ठेवल्यावर तिचं ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलं, हे इथे सांगायला हरकत नाही. मग गिस्लँची व्हॅन आठवली, राग आला आणि बरं वाटलं.

३० नोव्हेंबर, शनिवार, दुपारी २.००

गाडी तंबूबाहेर काढली. मागची दोन्ही चाकं बावीस मिनिटांत चढवली. गॅरेजवाल्यांनी शिकावं.

२.४०

पुढचं डावं बसत नाही. रिम सदोष आहे. रोबर्वालचा तो माणूस चोर आहे.

३.१०

दुसरी रिमही सदोष.

३.५०

मागचं चाक काढून पुढे लावून बघितलं. तेही सदोष निघालं. मागे असताना चांगलं होतं.

४.१५

मोजलं. पुढचे ब्रेक मागच्यापेक्षा मोठे आहेत. ब्रेक आवळणारं कॅलिपर रिमच्या आड येतंय, चार मिलिमीटरने. सोळा इंची असती तर मोकळी फिरली असती, पण तो प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की असली गाडी बनवतं कोण. आणि ही गोष्ट मला एकाही माणसाने सांगितली नाही. एकाने वाक्य सुरू केलं होतं, पण पूर्ण करायची धमक त्याच्यात नव्हती.

शेजारचा लावोआ कुत्रं घेऊन फाटकाशी थांबला. बराच वेळ बघत होता. म्हणाला, मागचे दोन बसले ना, मग पार्कातून रिव्हर्समध्ये जा. त्याच्याशी यापुढे बोलायचं नाही.

१ डिसेंबर, रविवार

कायदा लागू. गाडी पुढून दोन जॅकवर, लाकूड कापायच्या घोडीसारखी. वीस सेंटिमीटर बर्फ पडला. चार मिलिमीटर म्हणजे काही डोंगर नव्हे, म्हणून कानस घेऊन रिम आतून घासायला बसलो. दोन तासांत रंग निघाला. मग नजर कॅलिपरवर गेली. सोलांज जिन्यावरून म्हणाली, ब्रेकला कानस लागली तर मी त्या गाडीत या जन्मात बसणार नाही. कानस घेऊन गेली आणि स्वयंपाकघरात कुठेतरी लपवली. मोठ्या कामात अडथळे येतातच.

२ डिसेंबर, सोमवार

सात गॅरेजना फोन केले. सोळा इंचीचा संच आहे सगळ्यांकडे. लावायला वेळ बारा तारखेनंतर. एक जण म्हणाला, यंदाच्या बारा तारखेला हवीय की पुढच्या वर्षीच्या? त्याचं नाव लिहून ठेवलंय.

सोलांज म्हणाली, आठवा फोन कर. आठवा म्हणजे कोण ते मला कळलं. म्हणालो, तिकडे कुणी उचलत नाही. ती म्हणाली, तू लावलाच नाहीस. म्हणालो, न लावताही कळतं. ती वर गेली आणि बॅग भरायला लागली. कप्पे आपटल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. तिच्यापेक्षा मी जास्त शांत होतो, याची नोंद असावी.

३ डिसेंबर, मंगळवार, सकाळी ९.००

व्हॅन दारात. युगेत पुढे बसलेली. गिस्लँ उतरला, जॅकवरच्या गाडीकडे क्षणभर बघितलं, पुढच्या ब्रेककडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. मी वाट बघत होतो. एक शब्द बोलला असता तर त्याला चांगला सुनावला असता. त्याने सोलांजची बॅग ठेवली, मागचं सरकतं दार उघडलं आणि म्हणाला, बस ओरेल, जागा आहे.

म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी तयार करून संध्याकाळपर्यंत पोचतो. सोलांजने आतून विचारलं, येतोस ना? म्हणालो, येतोय की, मागून. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी बसलो असतो. तिने विचारलं नाही. दार सरकलं.

दुपारी

बरं झालं. शांतपणे काम करता येतं.

संध्याकाळी

नाही करता आलं. आनिकला फोन केला, की उद्या सकाळी नक्की. ती म्हणाली, बरं. आधी कधी ती मला नुसतं बरं म्हणाली नव्हती.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी सहाला अठरा इंचीची उन्हाळी चाकं पुढे लावली आणि निघालो. पोलीस गेले खड्ड्यात. फाटकातून बाहेर पडताच गाडीने गोल फिरून माझ्याच घराकडे तोंड केलं आणि लावोआच्या कुंपणात जाऊन बसली. मला काही झालं नाही. लावोआ झोपायच्या कपड्यांत बाहेर आला, फावडं दिलं आणि एकही विनोद केला नाही. माझी अवस्था एवढी वाईट दिसत असावी.

८.५५

मुलगी झाली. सात पौंड अकरा औंस. दोघी सुखरूप. सोलांज फोनवर रडत होती, मीही रडलो. मग तिने फोटो पाठवला. बाळ गिस्लँच्या छातीवर. त्याचा हात बाळाच्या डोक्याखाली, नखांत काळं ग्रीस. मी तो फोटो कितीदा पाहिला ते लिहीत नाही.

बाहेर जाऊन पंधरा इंची रिमला लाथ मारली. रिमला काही झालं नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळच्या बसने निघालो. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. पार्कात वारा, पांढरं सगळं, बस मात्र रुळावर असल्यासारखी. राहवलं नाही, विचारलं, टायर कितीचे हो? म्हणाला, मला काय माहीत, गॅरेजवाले लावतात, मी चालवतो. उरलेला सगळा रस्ता मला त्याचा राग यायची वाट बघत बसलो. आला नाही.

हॉस्पिटलात गिस्लँ खुर्चीतून उठला आणि मला बसायला दिलं. म्हणाला, कॉफी घेऊन येतो, आणि सोलांज आणि युगेतला घेऊन बाहेर गेला. आनिकने बाळ माझ्या हातात दिलं. नाव क्लोए. डोक्यावर काळे केस, आनिकला जन्मतः होते तसेच.

आनिक म्हणाली, काल आत नेताना मी वळून बघितलं होतं, बाबा.

म्हणालो, टायर बसले नाहीत गं. पुढचं कॅलिपर चार मिलिमीटर आड आलं.

ती बाळाच्या टोपीची नाडी नीट करत होती. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, काकांच्या गाडीला होते ना टायर.

म्हणालो, होते.