पाठीचं अस्तर

सोमवार, ३ फेब्रुवारी
पाठ गेली. कटिंग टेबलावर वाकलो, तो सरळच होता येईना. डॉक्टर म्हणाले, पोटापाठीचे आतले स्नायू ढिले पडलेत, पिलाटीसचे व्यायाम सुरू करा, नाहीतर कात्री खाली ठेवा. तीस वर्षं कापड कापणाऱ्याला हे सांगतात! मशीन बायको चालवते, पण दुकान चालतं माझ्या कात्रीवर. उद्यापासून रोज क्लास.

बुधवार, ५
काल जमलं नाही. आज गेलो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, घाई नको. उताणे पडा, गुडघे दुमडा, नाकाने श्वास घेऊन बरगड्या फुगवा, सोडताना बेंबी मणक्याकडे ओढा. यासाठी फी? मग समजावलं, की याने कणा ताठ राहतो, तोल सुधारतो, पाठीवरचा भार पोट वाटून घेतं. माझ्या लगेच लक्षात आलं. हे कोटाचं अस्तर! अस्तर ढिलं, तर कोट लोंबणारच. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, श्वास रोखू नका.

शनिवार, ८
सराव कापता कापता केला. मनातल्या मनात. बाईच म्हणतात, सगळा खेळ मनाच्या कंट्रोलचा.

बुधवार, १२, सकाळी ७
क्लासला दांडी. टेपने मोजली, कंबर चाळीस इंच. बाई म्हणतात हे बारीक होण्यासाठी नाही. असेना. शिंप्याला मापाशिवाय काय कळणार?

मंगळवार, १८
करडी पँट सैल झाली! एका क्लासमध्ये! बायकोला दाखवलं. मशीनवरून मान वर न करता नुसतं हं म्हणाली. जळते मेली. टेप अजून चाळीसच दाखवते, पण टेप जुनी, तिचा काय भरवसा? पँट खोटं बोलत नाही. पाठ ठणकते, ती सुधारत असणार.

शुक्रवार, २१
हॉटेलवाल्यांची ऑर्डर. चाळीस जॅकेटं, दहा दिवसांत. हुकली तर पुढचं सगळं काम समोरच्या टेलरकडे. बायको म्हणाली, निम्मं कटिंग मी करते. हसलो. वीस वर्षं मशीन मारली म्हणून कात्री हातात येते होय? ऑर्डर घेतली.
मोजे घालायला भिंतीला टेकावं लागलं. कुणाला बोललो नाही. भीती वाटते. पण पँट आणखी सैल झालीय, म्हणजे काळजी नको.

सोमवार, २४
बाईंचा फोन. क्लासला का येत नाही, वाकताना दुखतं का? म्हटलं, आवाज तुटतोय, आणि ठेवला.

गुरुवार, २७, सकाळी ११
सातव्या जॅकेटला पाठीत कळ आली. टेबलावरच अडकलो. कात्री तिरपी गेली, दोन मीटर कापडाचं वाटोळं. बायकोने कसंबसं धरून मागच्या खोलीत जमिनीवर निजवलं. पँट काढून खुर्चीवर उलटी टाकली.

शुक्रवार, २८
उठवत नाही. पेन उताण्याने चालत नाही, म्हणून पेन्सिल. समोर खुर्चीवर पँट. दुसरं बघायला काही नाही. मागची शिवण उसवून परत घातलेली दिसते. दोरा नवा. टाका बारीक, शेवटी दोनदा मागे घेतलेला. असा टाका मीच तिला शिकवला, लग्नानंतर.
विचारलं. म्हणाली, बसताना तुमचा श्वास कोंडायचा, बघवेना. दोनदा अर्धा अर्धा इंच सोडली. सांगितलं असतं तर घालू दिली असती का?
तीस वर्षांचा शिंपी मी. स्वतःच्या कमरेवरची शिवण कळली नाही.

शनिवार, १ मार्च
उताणा. गुडघे दुमडलेले. पहिला व्यायाम दोन दिवस अखंड चालू आहे.
दुकानातून कात्रीचा आवाज येतोय. कर्र कर्र, न अडखळता. एकोणिसावं जॅकेट असावं. माझी कात्री, माझं टेबल. डोळे भरून आले, पुसायला कूस वळता येईना.
शेवटी ओरडून विचारलं, सरळ जातंय का गं? आणि कान देऊन पडलो.
दुकानातून म्हणाली, श्वास रोखू नका.