टाकीतला पंप

३ मार्च
नर्सबाईंची गाडी परत आली! सकाळी थंड असली की चालू होत नाही. "माझे पेशंट ताटकळतात हो," म्हणाल्या.

मागच्या सीटला कान लावला, खालीच टाकी. लेकीला म्हटलं, फिरव किल्ली. टाकीतला पंप अशा वेळी क्षणभर घूंऽऽ करतो — नळीत पेट्रोल दाबून भरतो, मग पुढे इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. इथे शुकशुकाट! पंप गेला.

लेक म्हणते, "वाजला की बाबा!" हिचा कायम रेडिओ चालू. तोही इतका बारीक की एक शब्द कळत नाही. हिला काय ऐकू येणार, डोंबल!

४ मार्च
नवा पंप बसवला. तोही मुका! हल्लीच्या मालात दमच नाही. लेक काहीतरी पुटपुटली. बायकोचंही तेच — पाठ फिरवून बोलते, वर माझ्यावरच चिडते.

५ मार्च
सकाळी गाडी तशीच अडली. लेक म्हणाली, "मीटर लावून तपासू." म्हटलं, कान आहेत ना? कार्बुरेटरच्या काळात गाडी नुसती कोपऱ्यावर वळली तरी मी सांगायचो, पेट्रोल कमी पडतंय. या कानामुळेच गॅरेजमध्ये अजून माझा शब्द चालतो. मीटरच बघायचा तर मी कशाला हवा?

तिने लावलाच. दोष निघाला भलतीकडेच. हवा किती आली, इंजिन गरम की थंड, हे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते तो ठरवतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. आणि हा सेन्सर थंडगार इंजिनाला गरम म्हणत होता! तो बदलला. गाडी एका किल्लीत चालू!

पोरगी हुशार आहे. तोंडावर नाही म्हणालो. पण पंपही गेलेलाच होता, हे माझं कायम.

६ मार्च
लेकीने हट्टाने बाईंचा जुना पंप परत बसवला. "चांगला आहे तर नवा त्यांच्या गळ्यात कशाला?"

सीट उचलून पंपाच्या झाकणावर हात ठेवला. तिने किल्ली फिरवली. तळव्याखाली झाकण थरथरलं. चांगलं थरथरलं. आवाज नाही.

घाबरलो. पुढे बसून ती काहीतरी विचारत होती.

म्हटलं, "मोठ्याने बोल गं. मला ऐकू येत नाही."