आठवी ‘ब’चा निकाल

प्रिय कुमुदिनी मॅडम,

तुम्ही गेलात त्याला येत्या गुरुवारी दोन महिने होतील. अमरावतीच्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला, तेव्हा घसा बसल्याचं निमित्त सांगितलं. घसा ठणठणीत होता. मग आज हे पत्र कशाला? काल अकोल्याहून एक मुलगी आमच्या शाळेत आली म्हणून.

प्रियंका तिचं नाव. तुमच्याच विषयात, गणित-विज्ञानाच्या अध्यापनात पीएच.डी. करते आहे. पिशवीत तुमच्या प्रबंधाची झेरॉक्स होती. कृतीतून शिकवलेला वर्ग आणि नेहमीसारखा शिकवलेला वर्ग, या दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही, हा तुमचा निष्कर्ष तिने पेनने अधोरेखित केला होता. तो ती तिच्या प्रबंधात आधार म्हणून घेणार आहे. ऋणनिर्देशात माझं नाव दिसलं, म्हणून मूर्तिजापूरला उतरली. त्या प्रयोगाबद्दल काही सांगण्यासारखं आहे का, असं तिने विचारलं. मी तिला चहा पाजला आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

सांगण्यासारखं आहे, मॅडम. पण ते तुमच्याआधी तिला सांगणं मला बरं वाटेना.

बी.एड.ला माझा पहिला सराव पाठ तुम्ही पाहिला होता. तुम्ही नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, मांडीवर निरीक्षण वही. मी फळाभर प्रमेय लिहिलं आणि खूश होऊन खाली उतरलो. तुमचा शेरा होता, ‘फळा उत्तम. मुलं कुठे होती?’ मला तेव्हा रागच आला होता. पुढे नोकरी लागल्यावर त्या एका शेऱ्यावर माझी बरीच वर्षं निघाली.

नंतर तुम्ही स्वतःच्या प्रयोगासाठी माझी शाळा निवडलीत, तेव्हा केवढा फुशारलो होतो मी! आठवीच्या दोन तुकड्या. ‘अ’मध्ये तुम्ही स्वतः शिकवणार, दोरा, बांगड्या, पुठ्ठे, कात्र्या घेऊन. ‘ब’ हा तुमच्या भाषेत नियंत्रित गट. तिथे मी नेहमीसारखं खडू-फळ्यावर शिकवायचं. सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी दोन्ही वर्गांची एकच चाचणी, आणि मग कोण किती पुढे गेलं ते पाहायचं. चाचणी झाली की ‘ब’लाही मी हे सगळं शिकवीन, तोवर थांबा, एवढंच तुम्ही मला सांगितलं होतं.

तुम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजरने यायच्या, खांद्याला ती खाकी कापडी पिशवी. ‘अ’मध्ये ताटल्या, बांगड्या, सायकलचं चाक, सगळ्यांना दोरा गुंडाळून मोजामोजी चालायची. परीघ भागिले व्यास केलं की प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं, हे पाहून पोरं ओरडायची. मधे नुसती एक भिंत. पलीकडे मी पाय म्हणजे बावीस सप्तमांश असं फळ्यावर लिहून तीनदा म्हणवून घ्यायचो.

तिसऱ्या आठवड्यात रंजना उभी राहिली. भाजीवाल्यांच्या घरची, हिशोबाला पक्की. म्हणाली, “सर, तिकडचे बांगड्या मोजून राहिले अन् आमी नुसतं लिवून राहिलो. आमचं काय चुकलं?”

काय सांगणार होतो तिला? तुम्ही नियंत्रित गट आहात, असं? तेरा वर्षांच्या पोरीला?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ‘ब’ला मी थांबवून घेतलं. बायकोच्या बांगड्या आणल्या, खिचडीच्या ताटल्या घेतल्या. तुम्ही ‘अ’मध्ये जे जे केलं होतं ते सगळं केलं. पुढचे तिन्ही शनिवार तेच. पाठाच्या टाचणवहीत मात्र दर वेळी लिहीत गेलो, ‘कथन आणि फलकलेखन’. तुमच्याकडेच शिकलो असल्याने टाचण बिनचूक होतं.

वाईट हेतू नव्हता, हे तुम्हाला सांगायला नको. पण तीन आठवडे धीर धरला असता तर? तुम्ही देणारच होता की त्यांना. माझ्याच्याने तेवढं थांबवलं नाही, एवढीच गोष्ट आहे.

चाचणी झाली आणि तुम्ही शब्द पाळायला पिशवी घेऊन ‘ब’मध्ये आलात. मी पोरांना दटावून ठेवलं होतं की पहिल्यांदाच पाहतोय असं दाखवा. तुम्ही पहिली बांगडी हातात घेतली मात्र, रंजना म्हणाली, “तीनहून जरासं जास्त येईन मॅडम.” तुम्ही हसलात आणि माझ्याकडे पाहिलंत.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही विचारलंत, “विलासराव, नेहमीसारखंच शिकवलं ना?”

“हो मॅडम. नेहमीसारखंच.”

तुम्ही मान डोलावलीत. माझी पोरं हुशार आहेत म्हणालात. मला तो दिवस जसाच्या तसा आठवतो आणि अजूनही लाज वाटते.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. दोन्ही वर्गांचे गुण चांगले वाढले, पण एकमेकांच्या बरोबरीने. तुमचे मार्गदर्शक म्हणाले होते, दुसरी शाळा घ्या, पुन्हा करा, असा निकाल घेऊन काय करणार? तुम्ही ऐकलं नाही. तुमच्यासारख्या शुद्ध बोलणाऱ्या बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलताना ऐकलं. “जे झालं ते लिवायचं. मले पायजे होतं ते कावून लिवू?” आणि लिहिलंत. ऋणनिर्देशात मला ‘प्रामाणिक सहकार्य’ असे दोन शब्द दिलेत. माझी प्रत मी अजून त्या पानावर उघडत नाही.

पदवी मिळाली तुम्हाला, पण ती पिशवी बंद झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तुमच्या कृती घ्यायचं चाललं होतं, ते तुम्हीच थांबवलंत. सिद्ध झालेलं नाही ते मी कसं पसरवू, म्हणालात. मग मूल्यमापनाकडे वळलात. प्रश्नपत्रिकेचे आराखडे, गुणांची विभागणी. निवृत्तीपर्यंत तेच. दरवर्षी नव्या बॅचला स्वतःचं उदाहरण द्यायच्या, की आपल्याला आवडतं म्हणून ते खरं ठरत नाही. अकोल्याच्या एका शिबिरात मी समोर बसून हे ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत सांगू, असं ठरवलं. सुट्टीत तुम्ही माझ्या ताटात स्वतःच्या डब्यातलं लोणचं वाढलंत, आणि मी गप्प जेवलो.

आता थोडं तुमच्याबद्दल. रागावू नका. आयुष्यभर लोकांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलात, किती पाठ पाहिलेत याची मोजदाद नाही. मग सहा आठवड्यांत एकदाही माझ्या वर्गात का बसला नाहीत? आपण बसलो तर शिक्षक बदलतो, हा तुमचा नियम. नियम बरोबरच असेल. पण एकदा दारातून डोकावला असतात, एखाद्या पोराला सहज विचारलं असतं, तर? तुम्ही माझा शब्द धरलात. शिक्षकाच्या शब्दावर नाही ठेवायचा तर विश्वास ठेवायचा कुणावर, हे तुमचंच म्हणणं. इतका विश्वास ठेवायला नको होता मॅडम.

आणि ‘ब’वर्गाच्या पोरांना मी जे दिलं त्याचा पस्तावा मला आजही नाही. पस्तावा आहे तो व्हरांड्यातल्या त्या उत्तराचा. तिथे खरं बोललो असतो, तर तुम्ही मला झापलं असतं, दुसऱ्या शाळेत पुन्हा प्रयोग केला असता, आणि पिशवी खांद्यावर राहिली असती. तुमचा वेळ गेला असता, वर्ष गेलं असतं. मी मात्र तुमची सगळी वर्षं घेतली.

प्रियंकाला मी आज फोन केला. रविवारी अकोल्याला तिच्या घरी जातो आहे. नुसतं सांगणार नाही, लेखी देणार आहे. खाली माझं पूर्ण नाव, शाळा आणि सही. प्रबंधाच्या ग्रंथालयातल्या प्रतीलाही तो कागद जोडून घेईन, त्यासाठी कितीही खेटे पडोत. लोक काय म्हणायचं ते म्हणतील, ते ऐकून घेईन. हा शब्द देतो, आणि या वेळी तो पाळतो.

मजकूर लिहून तयार आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे, जे झालं तेवढंच: ‘आठवी ‘ब’लाही मी मॅडमच्याच पद्धतीने शिकवलं. दोन्ही वर्ग त्याच पद्धतीने पुढे गेले.’

तुमचा विद्यार्थी,
विलास
मूर्तिजापूर