न पेटवलेला बंब

लोणावळे, ता. ९ डिसेंबर १९३४

वडीलबंधू वाहिदभाई यांच्या सेवेशी, धाकट्या निजामचा अदबीने सलाम, वि. वि. इकडे अल्लाच्या मेहेरबानीने सर्व ठीक असून तुमची, भाभींची आणि तुमच्या गुडघ्याची खुशाली कळवीत जावी. (आपलं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे, पण लिहिणं बंद करायचं काही ठरलेलं नव्हतं.)

पत्रास कारण की, अम्माचा तांब्याचा बंब तुमचाच, हे मला पटलं आहे. तिच्या मौतीनंतरच्या चाळिसाव्या दिवशी ह्याच बंबावरून तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि उर्से गावी राहायला निघून गेलात. शेवटपर्यंत सेवा केली त्याचा बंब, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो. आता वाटतं, थोरल्याचा मान थोरल्याला द्यावा. एवढा उदारपणा निजामच्या अंगी कुठून आला असं तुमच्या मनात येईल, म्हणून खरं तेच लिहितो. मी घाबरलो आहे.

थंडी सुरू झाली तशी एका सकाळी नजमा बंब पेटवायला न्हाणीत गेली, तर पाणी आधीच कढत. मधल्या नळीत विस्तव नाही, खालच्या जाळीवर राखेची चिमूट नाही. तिला माझा संशय आला नाही (लग्न झाल्यापासून मी बंब पेटवल्याचं कोणाला आठवत नाही). मी न्हाणीला कुलूप घातलं, तरी तेच. बंब उपडा करून रिकामा केला, तर दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरलेला. भाई, आपली पडली लाकडाची वखार. दमट लाकूड वाळलेलं म्हणून खपवण्याची हिंमत माझ्यात आहे, पण लाकडाशिवाय पाणी तापतं ही बातमी बाजारात गेली तर बंबासाठी फोडलेली आपली लाकडं, आपली बंबफोड घेणार कोण? म्हणून आम्ही नवराबायको चोरासारखी त्याच पाण्याने अंघोळ करत राहिलो आणि शेजाऱ्यांना धूर दिसावा म्हणून अंगणात ओला पाला जाळत राहिलो.

परवा मात्र तोटी वाहू लागली. तुम्हाला ह्या बंबाची खोड माहीत आहे. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतावं, तेव्हा तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. ओतणारं कोणी नसेल तर थेंब पडत नाही. अम्मा ओतायची आणि आपण दोघं बादल्या लावून कुडकुडत उभे राहायचो. (तुम्हाला गार मिसळलेलं चालायचं नाही, न्हाणीतून निघायचात ते उकडलेल्या रताळ्यासारखे.) तिच्या अखेरच्या गुसलचं, मयताच्या अंघोळीचं, पाणीही ह्याच बंबातलं. तुम्ही ओतलंत, मी बादली धरली, बायकांनी ती आत नेली. त्यानंतर आपण दोघांनी मिळून काही केलेलं नाही. तर परवा न्हाणीत मी एकटा, नरसाळ्यापाशी कोणी नाही, आणि तोटीतून पाणी येऊ लागलं. थांबून थांबून, कोणी तांब्याने ओतावं तसं. मी अंगणात धूम ठोकली.

बंब घरात आहे तोवर मी येणार नाही, असं सांगून नजमा सोमाटण्याला माहेरी गेली. आपला जुना गाडीवान दत्तोबा लाकडं घेऊन आला होता, त्याला मी न्हाणी दाखवली. तो उंबऱ्यापाशीच थांबला, डोईचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, “निजामभाऊ, म्हातारी न्हायला येत न्हाई. कुणाला तरी न्हाऊ घालाया येतीया.” मी त्याला चहा न विचारताच लाकडं उतरवायला लावलं.

तरी बंब मोठ्या मनाने घ्यावा, नाही म्हणू नये. भाभींना सलाम, लेकरांना दुवा.

तुमचा आज्ञाधारक (ह्या वेळी खरोखरीचा),
निजाम

ता. क. ‘नाही म्हणू नये’ हे आपलं रीतीपुरतं. पत्र लिहून होईतो दत्तोबा गाडीत बंब घालून निघालासुद्धा. तुमच्या दारात उतरव आणि मागे न बघता परत ये, असं त्याला बजावलं आहे.

ता. क. दुसरं. पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि सकाळ झाली. बंब नाही, नजमा नाही, घरात मी एकटा. न्हाणीत बंबाच्या जागी नुसता काळा गोल डाग आहे, आणि त्याच्यापुढे दोन बादल्या भरून ठेवलेल्या आहेत, वाफाळत. पहिलीत हात घातला, पाणी मला लागतं तसंच, बेताचं. दुसरीत बोट बुडवलं ते अजून फुंकतो आहे. एवढं कढत पाणी ह्या घरात एकच माणूस घ्यायचा. बंब तुम्हीच ठेवा, भाई, पण अंघोळीला इकडे या. तुमच्या बादलीवर मी फळी झाकून ठेवली आहे. तुम्ही येईपर्यंत ती निवेल असं मला वाटत नाही.