गाडीची किल्ली माझ्याकडे

१ मार्च
आज चार्ज घेतला. प्रभारी स्टेशन ऑफिसर. इतकी वर्षं मुख्यालयाच्या स्टोअरमध्ये बसून होझपाइप, गमबूट आणि हेल्मेट वाटले. आता ते घालणाऱ्यांना शिस्त लावायची आहे.

पहिलं निरीक्षण: शिस्त शून्य. स्टाफ कडुनिंबाखाली बनियनवर कॅरम खेळत होता. मला पाहून उठले, पण क्वीन घेतल्यावर.

दुपारी घंटी वाजली. कुठेतरी कचरा पेटला होता. इथली पद्धत म्हणजे घंटी झाली की पळायचं, गाडीत चढायचं, निघायचं. जो चढला तो चढला. ऑफिसरसाठीसुद्धा कोणी थांबत नाही. मी टोपी शोधत होतो. बाहेर आलो तर अंगणात नुसती धूळ.

या सगळ्याचं मूळ शालिग्राम. लीडिंग फायरमन, गोंदियाकडचा, तोंडाचा फाटका. प्रत्येक आगीची गोष्ट सांगतो आणि प्रत्येक गोष्टीत हाच हिरो. परत आल्यावर मला म्हणाला, साहेब, टोपी राहू द्या, टोपीनं आग विझत नाही. सगळे हसले. नाव लक्षात ठेवलं आहे.

२ मार्च
चार्ज घेण्याआधी हॉटेलात झालेल्या लीडरशिप अँड प्रोफेशनलिझम वर्कशॉपचं फोल्डर पुन्हा वाचलं. पनीर उत्तम होतं. ट्रेनर म्हणाला होता की लीडर दिसला पाहिजे. मी अजून दिसत नाही, हाच प्रॉब्लेम आहे.

उद्यापासून पहाटे उठून धावणार. स्टाफबरोबर चहा बंद. त्यांच्या जोकवर हसणं बंद.

३ मार्च
धावलो नाही. बूट लागतात.

चहा घेतला, पण उभ्यानं.

६ मार्च
नवा टर्नआउट प्रोटोकॉल लावला. घंटी वाजली की आधी सगळ्यांनी फॉल-इन व्हायचं, नंबर म्हणायचे, मला सॅल्यूट करायचा, माझं ब्रीफिंग ऐकायचं. मी "मूव्ह" म्हटलं की मगच गाडी हलेल. नोटिसबोर्डवर टाइप करून लावलं.

शालिग्रामनं मोठ्यानं वाचून दाखवलं, जणू नाटकातलं भाषण. मग विचारलं, साहेब, आगीले पण कळवलं का, की थोडी थांबून जाय म्हणून? ड्रायव्हर यशदीप खाली मान घालून हलत होता. हसत असणार. यशदीपचे आईवडील मराठी, पण पोट्टा उत्तर हिंदीतच देतो. मी विचारलं, समजलं का? म्हणाला, हव साहब, समझ गए. त्याच्या समजण्यावर माझा विश्वास नाही.

९ मार्च
प्रोटोकॉलखाली पहिला कॉल. भनपुरीत ताडपत्रीचं गोदाम. माणसं रांगेत उभी. मी ब्रीफिंग दिलं: सेफ्टी, टीमवर्क, व्हिजन. मुद्देसूद झालं. व्हिजनवर असतानाच शालिग्राम रांगेतून निघाला आणि गाडीत जाऊन बसला. मागोमाग सगळे. गाडी गेली. मी "मूव्ह" म्हटलं, पण तेव्हा ती गेटबाहेर होती.

स्कूटरवर मागे निघालो. ट्रकांच्या रांगेत अडकलो. पोचलो तेव्हा आग विझली होती आणि अर्धा माल राख झाला होता. गोदामाच्या सेठनं मलाच धरलं. म्हणे, थोडं आधी आला असता तर सगळा माल वाचला असता, तुम लोग वहाँ क्या कर रहे थे? मी त्याला प्रोटोकॉल समजावून सांगितला. त्यानं जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. पब्लिकमध्ये प्रोफेशनलिझम अजिबात नाही.

एकही माणूस जखमी नाही. ही माझ्या ब्रीफिंगची कमाई.

१३ मार्च
चित्राला घरी सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, अहो, त्या बिचाऱ्याचं गोदाम जळून राहिलं होतं आणि तुम्ही नंबर मोजून राहिले होते? बायकोला ऑफिसचं सांगू नये, असं फोल्डरमध्ये नाही, पण असायला हवं.

आणखी म्हणाली, शालिग्रामभाऊंशी जमवून घ्या. भाऊ! एकदा सिलिंडर बदलून दिला त्यानं, तेव्हापासून भाऊ.

१८ मार्च
या हप्त्यात तीन कॉल. तिन्ही वेळा फॉल-इन न करता गेले. तिसऱ्या वेळी तर यशदीपनं मला पाहून हॉर्न वाजवला. टाटा केल्यासारखा.

२० मार्च
सुचलं!! गाडीची किल्ली.

ही किल्ली रात्रंदिवस गाडीतच लटकलेली असते. सगळ्याच स्टेशनांत तशी पद्धत आहे म्हणे. पद्धत म्हणजे काय, आळस. आजपासून किल्ली माझ्या ताब्यात. लाल दोरीत ओवून गळ्यात घातली. आता माझ्याशिवाय चाक हलणार नाही.

स्टाफला सांगितलं तेव्हा कोणी बोललं नाही. शालिग्रामसुद्धा. नुसता किल्लीकडे पाहत राहिला. मग एवढंच म्हणाला, साहेब, हे नका करू. हात जोडतो. त्याला हात जोडताना पहिल्यांदाच पाहिलं. वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं की शांतता म्हणजे आदर. आज मी लीडर झालो.

२४ मार्च
सकाळी बाथरूममध्ये असताना घंटी. सगळे दार बडवू लागले. साबण डोळ्यांत. शेवटी किल्ली वरच्या झरोक्यातून बाहेर फेकली, ती नालीत पडली. काढायला वेळ गेला. नशिबानं कॉल खोटा निघाला.

शालिग्राम दाराबाहेरून ओरडला ते सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. मले लाज वाटते साहेब, तुमच्या हाताखाली काम करायची, असं. लेखी समज देणार.

आता आंघोळीलाही किल्ली गळ्यातच. दोरी बदलली, लाल दोरीचा रंग अंगाला लागतो.

३० मार्च
मोठी बातमी. १४ एप्रिलला फायर सर्व्हिस वीक सुरू होतो, त्या दिवशी मुख्यालयाचे कमांडंट साहेब स्वतः इन्स्पेक्शनला येणार. पसंत पडलं तर माझं "प्रभारी" जाईल आणि मी पक्का स्टेशन ऑफिसर होईन. नाही पडलं तर परत स्टोअर. पण तो प्रश्नच नाही.

दारावरची पाटी करून घेतली. "प्रभारी" बारीक अक्षरांत आणि वेगळ्या पट्टीवर, म्हणजे नंतर काढता येईल.

४ एप्रिल
परेडची रिहर्सल. शालिग्राम मुद्दाम चुकीचा पाय टाकतो. मी म्हटलं लेफ्ट, त्यानं राइट. त्याच्यामागे सगळी रांग राइट. मी एकटा लेफ्ट. बघणाऱ्याला वाटावं मीच चुकलो.

मुख्यालयात लिहिलं की हा माणूस स्टेशनचं वातावरण बिघडवतो, त्याची बदली जशपूरला करावी. जितकं लांब तितकं चांगलं. सही करताना फार बरं वाटलं.

९ एप्रिल
पाच दिवस कॉल नाही. माझ्या शिस्तीला आगही घाबरली, असं चित्राला म्हटलं. ती उठली आणि गच्चीवर बिजौरीचे सांडगे वाळत घालायला गेली.

१२ एप्रिल
शालिग्रामशी जोरात भांडण. तो म्हणाला, तुम्हाले फक्त साहेब व्हायचं आहे, फायरमन नाही व्हायचं. मी म्हटलं, अर्थातच. त्यावर तो पाइप गुंडाळायला निघून गेला. जिंकलो.

१४ एप्रिल, सकाळ
गोल बाजारात बसून लिहितो आहे. पांढरे हातमोजे हवेत, दुकान अजून उघडायचं आहे. लीडर हातमोज्यांतून दिसतो.

युनिफॉर्म स्वतः प्रेस केला. चित्राची क्रीज कधीच सरळ येत नाही. शर्ट झाला आणि पँटवर प्रेस ठेवली तोच लाइट गेली. चित्रा गच्चीवर होती, तिला हाक मारत बसलो नाही. प्रेस तशीच पलंगावर पँटवर ठेवली आणि जुनी पँट घालून निघालो. कमांडंट साहेब वरचाच भाग बघतील.

फोन सायलेंट केला आहे. आज कोणतंही डिस्टर्बन्स नको. किल्ली गळ्यात आहे. स्टेशन सुरक्षित.

हातमोजे मिळाले. छान बसतात.

१४ एप्रिल, संध्याकाळ
जसं झालं तसं लिहितो. इथे तरी.

स्टेशनला पोचलो तेव्हा कमांडंट साहेबांची जीप गेटमध्येच शिरत होती. टायमिंग परफेक्ट. सॅल्यूट ठोकला. त्यांनी विचारलं, गाड़ी कहाँ है? मी छाती पुढे काढून किल्ली वर धरली आणि म्हणालो, सर, गाडी माझ्याशिवाय हलूच शकत नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यामागे बघत होते. वळलो. शेड रिकामं.

किल्लीकडे पाहिलं. शेडकडे पाहिलं. पुन्हा किल्लीकडे.

फोनवर बसलेल्या माणसानं सांगितलं की मी किल्ली गळ्यात घातली त्याच संध्याकाळी शालिग्रामनं किल्लीवाल्याला गाडीजवळ आणून दुसरी किल्ली करून घेतली होती. सीटखाली ठेवलेली असते. माझा मान राहावा म्हणून इतके दिवस वापरली नाही. झरोक्याच्या दिवशीसुद्धा ती काढणारच होते, तोच कॉल खोटा असल्याचं कळलं, म्हणून थांबले. आज थांबले नाहीत. मी विचारलं, कुठे गेलेत? तो खाली बघत म्हणाला, चौबे कॉलोनी, साहेब. तुमच्याच घरी.

कमांडंट साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं. रस्त्यात फोन काढला. चित्राचे मिस्ड कॉल, खालपर्यंत.

मला भीती वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती तशी. पांढरे हातमोजे काढून खिशात कोंबले, ते साहेबांनी पाहिलं.

लाइट परत आली होती. पँट पेटली, मग गादी, मग पडदे. जिन्यात धूर भरला आणि चित्रा गच्चीवर अडकली. शालिग्रामनं शिडी लावून तिला खाली आणलं. आम्ही पोचलो तेव्हा ती ओल्या अंगणात खुर्चीवर बसली होती. चेहरा काळा, हातात अजून बिजौरीची चाळणी. शालिग्राम तिच्यापुढे उकिडवा बसून तिला पाणी पाजत होता आणि म्हणत होता, वहिनी, हळू प्या, घाबरू नका, सगळं झालं आहे.

मी पुढे गेलो. शेजारच्या एका पोरानं मला अडवलं. भैया, पीछे हटिए, काम चल रहा है, असं म्हणाला. मी युनिफॉर्ममध्ये होतो. जुन्या पँटमुळे ओळखलं नसेल.

चित्रानं मला पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, तुम्हाले किती फोन केले. एवढंच. मी म्हटलं, सायलेंटवर होता, इन्स्पेक्शनमुळे. हे खरं आहे. खरं असूनही ते म्हटल्यावर सगळे दुसरीकडे बघू लागले.

कमांडंट साहेबांनी शालिग्रामशी हात मिळवला. टर्नआउट फार सुंदर झालं म्हणाले. शालिग्रामनं माझ्याकडे पाहिलं. आता हा तोंड उघडणार, असं वाटलं. इतक्या दिवसांचं सगळं काढणार. पण म्हणाला, साहेबांनीच शिस्त लावली आहे, सर.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल
चित्रा बहिणीकडे टिकरापाऱ्यात. मी जळक्या वासात झोपलो. जशपूरचं पत्र मुख्यालयातून परत मागवावं का? आता उशीर झाला. आणि तसं पाहिलं तर त्यात लिहिलेलं चुकीचं नाही. वातावरण त्यानं बिघडवलंच.

१६ एप्रिल
ऑर्डर आली. स्टेशनचा चार्ज शालिग्रामकडे. मी मुख्यालयात अटॅच, शाळांमध्ये जनजागृती कार्यक्रमांसाठी. स्टोअरमध्ये पाठवलं नाही, म्हणजे माझ्या कम्युनिकेशनची कदर झाली. आग विझवण्यापेक्षा आगीबद्दल सांगणं जास्त महत्त्वाचं आहे. एका स्टेशनऐवजी आता अख्खं शहर.

चित्राला फोनवर कळवलं. ती म्हणाली, शालिग्रामभाऊंना जेवायला बोलवा. मी म्हटलं, पाहू. ती म्हणाली, पाहू नका, बोलवा. मग फोन ठेवला.

१७ एप्रिल
पहिला कार्यक्रम. मुलींची शाळा, आठवीचे वर्ग. नवी पँट, क्रीज सरळ. लीडरशिपवर बोललो, प्रोफेशनलिझमवर बोललो, प्रेस चालू ठेवून बाहेर जाऊ नये हेही सांगितलं. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाल्या, कोई सवाल?

मागच्या बाकावरची एक पोट्टी उठली. दोन वेण्या. अगदी आदरानं विचारलं, सर, आपने अब तक कितनी आग बुझाई है?

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. वीस म्हणता आलं असतं, पन्नास म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं? तोंड उघडलं तर जिन्यातला तो धूर आठवला.

मी म्हटलं, नेक्स्ट क्वेश्चन.

दुसरा प्रश्न कोणालाच नव्हता. ती तशीच उभी होती.