हिरव्याला हिरवा म्हणायचं

अण्णा, मी घाबरट आहे. तुम्ही होतात तोवर हे वाक्य तुमच्यासमोर उच्चारायची माझी टाप नव्हती, म्हणून आता पेनाने लिहिते, खोडता येऊ नये असं. तुमची थोरली लेक, वय सत्तेचाळीस, गंगापूर रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी, भरल्या वर्गात घाबरली. पालीला नाही, साहेबाला नाही, कशालाच नाही. सातवीच्या वर्गात फळ्यावर पानाची आकृती काढत होते. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली, खडू निसटला, श्वास अर्ध्यावर अडकला, आणि डोक्यात एकच, आता मी इथेच मरते, या पोरींसमोर. शाळेतल्या बायांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी बघितला, सगळं विचारलं, आणि म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे मॅडम. ही अँक्झायटी आहे. आत्ता लगेच गोळी नको. चहा कमी करा, रोज चाला, झोपेची वेळ पाळा. आणि धडधड सुरू झाली की समोर जे दिसेल त्याचं नाव मोठ्यांदा घ्या. महिन्याने या. एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या देईन, त्यात लाजायचं काही नाही." समोर दिसेल त्याचं नाव मोठ्यांदा! अहो अण्णा, हे तर आपल्या घरात रोज चालायचं.

लोकांना सांगताना मी म्हणायचे, माझे वडील गाडी ओढत नाहीत, ढकलतात. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला येणाऱ्या गाडीला मागून जे इंजिन लावतात, ते तुमचं. त्या इंजिनातला नियम तुम्हीच सांगितलेला. सिग्नल दिसला की हात पुढे करून त्याचा रंग मोठ्यांदा म्हणायचा, आणि शेजारच्या असिस्टंटने तोच रंग परत म्हणायचा. हिरव्याला हिरवा. एकट्याने बघितलेलं धरायचं नाही, दोघांनी म्हटलं तर खरं. हा नियम तुम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्येही लावलात. ड्यूटीवर निघताना बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे, हात सरळ समोर. "गॅस बंद!" आई मोरीतून ओरडायची, "बंद!" "मागची कडी लागली!" "लागली!" "खिडकी बंद!" "बंद!" आई घरात नसली की उत्तर द्यायचं काम माझ्याकडे. शेजारची पोरं आपल्या दारावरून जाताना मुद्दाम "गॅस बंद!" ओरडून पळायची. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि तुमचं दुसरं शिक्षण त्याच्या अगदी उलट. सहावीत मी वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि पुढे तोंडच उघडेना. रडत घरी आले, म्हटलं, मला भीती वाटली. तुम्ही जेवत होतात. भाकरी मोडता मोडता म्हणालात, "ड्रायव्हरची पोर तू, भ्यायचं काय त्यात? भीती बोलली की वाढती. गिळून टाकायची, बोलायची नाय." मग काय, गिळत आले. परीक्षेची गिळली, लग्नाची गिळली, दोन बाळंतपणांची गिळली. तुमचं चुकलं, अण्णा. स्पष्ट सांगते, राग आला तर येऊ द्या. भीती गिळली म्हणून पचत नाही. पस्तीस वर्षं गिळलेली एका दमात वर आली, तीही पानाची आकृती अर्धी असताना.

दवाखान्यातून घरी आले आणि सल्ले देणाऱ्यांची जत्राच भरली. तुमच्या बहिणीने, आमच्या आत्याने, हरसूलच्या बाजारातून कसलीशी मुळी आणली. "उगाळून चाट, डोकं गार पडतं." कसली मुळी म्हणून विचारलं तर म्हणे, "तुला काय करायचंय? चाट." नाही चाटली. शेजारणीने स्वतःला डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पट्टी पुढे केली, "अर्धी घे गं, मला लागू पडली." तिला म्हटलं, बाई, तुझा चष्मा मी लावत नाही, तुझी गोळी कशी घेऊ? नवरा म्हणाला, "सोड ना नोकरी, काय अडलंय?" त्याच्याकडे मी असं काही बघितलं की तो पिशवी घेऊन भाजीला निघून गेला. मुख्याध्यापिकाबाई मात्र गोड बोलून मुद्द्याचं बोलल्या. "तीन आठवडे वाट बघते. मग वर्गावर या, नाहीतर ऑफिसात बसा, रजिस्टरं सांभाळा." बावीस वर्षं पोरींना शिकवलं, आणि आता रजिस्टरं? वर्ग गेला तर माझं म्हणून उरतं काय, सांगा. मी ठरवलं, वर्ग सोडायचा नाही. काय वाट्टेल ते होवो.

सहा चहांचे दोन केले. सकाळी नदीकडे चालायला लागले. आणि स्वयंपाकघरात उभी राहून दिसेल त्याचं नाव घ्यायला लागले, पण पुटपुटत, कुणी ऐकेल म्हणून. "कुकर. फडकं, निळं. बरणी." पुटपुटून काही होत नव्हतं. एका दुपारी धडधड फारच वाढली. ओट्याची कड घट्ट धरली आणि न राहवून ओरडले, "खिडकी उघडी!" तर बाहेरच्या खोलीतून आई, तुमच्यामागे माझ्याकडेच असते, वय शहात्तर, एक कान गेलेला, खणखणीत आवाजात म्हणाली, "उघडी!" आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता माझा श्वास मोकळा झाला, आणि आई रडायला लागली. मग तिने मला जे सांगितलं ते तुम्ही जन्मात सांगितलं नव्हतं. "घरातलं ते ओरडणं आधी नव्हतं गं. एक बाई यांच्या इंजिनापुढं आली ना, तवापासून लागलं. तू चार वर्षांची असशील. रिकामं इंजिन खाली कसाऱ्याला नेत होते. ब्रेक मारला, पण इंजिन काय जागेवर थांबतंय का? तवापासून ड्यूटीची वेळ झाली की यांचे हात कापायचे. हात पुढं करून ओरडायचे, मी उत्तर दिलं की कापरं थांबायचं. उत्तर आल्याबिगर उंबरा ओलांडला नाय कधी."

मला आधी राग आला, अण्णा. म्हणजे तुम्ही भ्यायचात! रोज, बूट घालून, दारात उभं राहून भ्यायचात. स्वतः ओरडून मोकळे व्हायचात आणि मला सांगायचात, गिळ. हा कुठला न्याय? तो राग अजून पुरता गेलेला नाही, आणि जायची घाईही नाही. पण रागापाठोपाठ मला दहावीतला तो दिवस आठवला. आई मामाकडे गेलेली, बाहेरच्या खोलीत माझ्या तीन मैत्रिणी बसलेल्या. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "खिडकी बंद!" उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात. मग तुम्ही बूट काढलेत आणि कॉटवर बसून राहिलात. ड्यूटी बुडली, बरं नाही म्हणून कळवलंत. आई परत आल्यावर मी तिला सांगितलं, टेप लागली होती, मला ऐकू आलं नाही. तुम्ही तिथेच होतात, काही बोलला नाहीत. पण त्यानंतर आई गावाला गेली की तुम्ही रजाच टाकायचात. मला वाटायचं, कामाचा कंटाळा.

तीन आठवडे संपले त्या सोमवारी मी जिना चढले. वर्गाच्या दारात पाय थबकले. पोरी उभ्या राहिल्या, "गुड मॉर्निंग मॅडम." धडधड होती, नव्हती असं खोटं लिहिणार नाही. मी हात पुढे केला, तुमच्यासारखा सरळ, आणि मोठ्यांदा म्हटलं, "पंखा चालू!" मग पहिल्या बाकावरची एक आगाऊ कार्टी म्हणाली, "चालू!" "दार उघडं!" दहाबारा जणी, "उघडं!" मी फळ्याकडे वळले. आमच्या शाळेत आता काळे फळे नाहीत. "फळा हिरवा!" अख्खा वर्ग छप्पर उडवेल असा ओरडला, "हिरवा!" शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. डोकावू देत. मी पोरींना सांगून टाकलं, तुमच्या मॅडमना भीती वाटते, आणि वाटली की त्या असं म्हणतात, ज्यांना वाटत असेल त्यांनी खुशाल म्हणावं. मग पानाची आकृती पूर्ण केली, शिरांसकट. हल्ली गणिताच्या पेपराआधी पोरी व्हरांड्यात ओरडत असतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालू ठेवा. उद्या गोळी लागलीच तर त्यांनी लिहून दिलेली घेईन, ताठ मानेने घेईन. पण गिळायची ती गोळी. भीती आता मी गिळणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. विज्ञानाच्या वहीच्या कव्हरात ठेवते, तिथेच राहील. एवढं भांडले तुमच्याशी, तर माझं एक लिहायलाच हवं. मैत्रिणी तुमच्या आवाजाला तोंड दाबून हसत होत्या आणि मला तुमची लाज वाटली होती. टेप बंद होती, अण्णा. आणि खिडकीही बंद होती.